पासपोर्टच्या केसमध्ये 'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी चार्जशीटमधलं 467 बघा

पारोळा तालुक्यातल्या एका दादांचा मेसेज आलाय. 2017 ला एजंटनी शाळेचा खोटा दाखला बनवला, जन्मसाल 1984 चं 1990 केलं, कारण दुबईच्या कंपनीला तिशीच्या आतला माणूस पाहिजे होता, आणि घरात 2008 चा पासपोर्ट पडलेला असताना तो लपवून दुसरा काढला. तीन वर्षं त्यावर नोकरी केली. 2021 ला बायकोचं नाव टाकायला गेले तेव्हा जुनी फाईल निघाली. 2022 ला एफआयआर, 2023 ला चार्जशीट, आणि चार्ज अजून फ्रेम झालेला नाही, म्हणजे कोर्टानं आरोप अजून निश्चित केलेले नाहीत. आता त्यांचे वकील म्हणतात कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा. दादांचा प्रश्न, जेल होईल का आणि परत गल्फला जाता येईल का.

असे मेसेज मला रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंतून येतात, एजंट वेगळा, बाकी सगळं तेच. एजंटनी केलं, "माले काय माहीत" हे कोर्टात चालत नाही, फॉर्मवर सही तुमची आहे आणि आधी पासपोर्ट नव्हता असं तुम्हीच लिहून दिलंय, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

दादा, तुम्ही चार्जशीटचा फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठवला, म्हणजे बाकीचं तुम्ही उघडलंसुद्धा नाही, पण त्या एका पानावरच सगळं आहे. कलमं लिहिलीत जुन्या भारतीय दंड संहितेची 420 (फसवणूक), 467, 468, 471 (तिन्ही बनावट कागदाची) आणि पासपोर्ट कायद्याचं 12. पासपोर्ट कायद्याच्या 12(1) ला जास्तीत जास्त 2 वर्षं किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. 420 आणि 468 ला 7 वर्षांपर्यंत. आणि 467 ला जन्मठेपेपर्यंत. तुम्ही म्हणाल मॅजिस्ट्रेट कुठे जन्मठेप देणार, बरोबर आहे, त्यांना तेवढा अधिकारच नाही. पण घोळ दुसरीकडे आहे. 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे ना, ज्यात पहिल्याच गुन्ह्यात शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतात, त्याचं कलम 4 म्हणतं की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते त्याला हे लागू नाही. 'होऊ शकते' एवढं पुरतं, प्रत्यक्षात किती दिली याला अर्थ नाही. सुप्रीम कोर्टानं 1972 मध्ये 409 च्या (सरकारी नोकरानं केलेल्या अपहाराच्या) केसमध्ये हेच सांगितलंय.

म्हणजे 467 उभं असताना तुम्ही 'कबूल' म्हणालात तर प्रोबेशनचं दार तुम्ही स्वतःच्या हातानं लावून घेतलं. मग तुमची म्हातारी आई, दोन लेकरं, कापसाचं कर्ज, हे सगळं सांगून शिक्षा कमी होईल कदाचित, पण दोषी ठरणं टळत नाही आणि बाँडवर सुटताही येत नाही.

आणि 467 इथे बसतं का? माझ्या मते नाही. ते कलम मौल्यवान रोखा (ज्या कागदानं कायदेशीर हक्क तयार होतो तो), मृत्युपत्र असल्या कागदांच्या बनावटीसाठी आहे. शाळेचा दाखला म्हणजे काय खरेदीखत आहे का? 1980 साली महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, खोटे दाखले लावून कॉलेजला ॲडमिशन घेतल्याच्या, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असे दाखले मौल्यवान रोखा नाहीत आणि 467 काढून हलकं कलम लावलं. सरकारी वकील म्हणतील पासपोर्टच मौल्यवान आहे, पण तुमचा पासपोर्ट बनावट नव्हताच, तो ऑफिसनी खरा दिलाय, खोटा होता तो दाखला. कोर्ट काय म्हणेल ते मी छातीठोक सांगणार नाही, पण मुद्दा दमदार आहे, आणि तो चार्ज फ्रेम व्हायच्या आधी मांडायचा, नंतर नाही. वकिलांना सांगा, 467 मधून डिस्चार्जचा, म्हणजे त्या आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) 239 खाली द्या, केस 1 जुलै 2024 च्या आधीची आहे म्हणून जुनाच कायदा चालेल. फेटाळला तर 90 दिवसांत सेशन्स कोर्टात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज.

467 गेलं की चित्र बदलतं. मग प्रोबेशन का देत नाही याची खास कारणं मॅजिस्ट्रेटला निकालात लिहावी लागतात, हे सीआरपीसी 361 चं बंधन आहे. आणि प्रोबेशन मिळालं तर प्रोबेशन कायद्याचं कलम 12 सांगतं की दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही.

आता शिक्षेवरचं बोलणं. तीन तारखा तुम्ही चुकवल्या, वॉरंट निघालं, हे रोजनाम्यात कायमचं बसलं. त्याहून वाईट म्हणजे पासपोर्ट ऑफिसचं पत्र आठ महिने घरात ठेवून मग पासपोर्ट जमा केला. पहिल्या आठवड्यात केला असता तर 'स्वतःहून जमा केला' हा सर्वात मोठा मुद्दा तुमच्या बाजूनं होता, तो तुम्ही घालवला, खरंच वाईट वाटतं. पण काही उरलंय: पहिला गुन्हा, नाव-फोटो-बापाचं नाव खरं, फक्त वय खोटं, पासपोर्ट मजुरीलाच वापरला, तिकडे कुठला गुन्हा नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो. मूळ शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा, कंपनीचं पत्र आणा, पासपोर्ट जमा केल्याची पावती शोधा.

आणि प्रोबेशन द्यायचं का याच्या चौकशीला परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी येतात तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. माझ्याकडे रावेरकडचे एक पक्षकार होते, केळीची कापणी चालू म्हणून सगळं घर मळ्यात, अधिकारी आले, दाराला कुलूप, शेजारणीनं सांगितलं "हे लोक तर दुबईला असतात", आणि तेच रिपोर्टात गेलं. माणूस तेव्हा दोन किलोमीटरवर केळीचे घड वाहत होता. तो रिपोर्ट दुरुस्त करून घ्यायला आम्हाला पाच तारखा लागल्या.

तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेला 'आता 7 वर्षं आणि 10 लाख दंड' असा मेसेज पण पाठवलाय. तो कायदा (2025 चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट) खरा आहे, 1 सप्टेंबर 2025 पासून लागू, पण तुमचं सगळं त्याच्या आधीचं, घटनेच्या 20(1) प्रमाणे मागून आलेली शिक्षा लावता येत नाही.

गल्फचं म्हणाल तर केस चालू आहे तोवर कोर्टाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळत नाही, आणि मिळाला तरी कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात 2 वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर 5 वर्षं पासपोर्ट नाकारता येतो, म्हणून शिक्षेचा आकडा तुमच्यासाठी नुसता आकडा नाही.

पासपोर्ट कायद्याच्या कलमाला केंद्राची मंजुरी लागते, कलम 15, ते पत्र चार्जशीटमध्ये आहे का तेही बघा.

पुढची तारीख तुम्ही लिहिली नाही. उद्याच वकिलांना फोन करून ती विचारा, पूर्ण चार्जशीटची झेरॉक्स घ्या, आणि तो अर्ज दाखल होईपर्यंत कोर्टात 'कबूल' हा शब्द तोंडातून काढू नका.