मेंदूच्या आवरणाची धमनी बंद करताना डोळ्याला धोका कसा काय?

वडिलांच्या क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमासाठी (मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेल्या रक्तासाठी) मिडल मेनिंजियल धमनी बंद करायची आहे आणि संमतीपत्रात ‘दृष्टी जाऊ शकते’ असं लिहिलंय, तर आवरणाचा डोळ्याशी संबंध काय, असं तुम्ही विचारलंय. संबंध आहे, आणि तो जन्माआधीपासूनचा आहे.

डोळ्याची ऑफ्थॅल्मिक धमनी एरवी आतल्या कॅरोटिडमधून (मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या आतल्या शाखेतून) निघते. ड्युराला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला, रक्त देणारी मिडल मेनिंजियल बाहेरच्या कॅरोटिडकडून येते. गर्भात मात्र डोळ्याच्या खोबणीचा बराच भाग स्टेपिडियल धमनीवर पोसला जातो. (कानातल्या रिकिबीच्या हाडाला मधे भोक असतं ते हिच्यामुळेच.) पुढे तिचं खोड विरतं, फांद्या मिडल मेनिंजियलच्या वाट्याला येतात आणि खोबणीकडे जाणारा एक बारीक दुवा मागे राहतो. तो सुपीरियर ऑर्बिटल फिशर या खोबणीमागच्या फटीतून, किंवा तिच्या बाजूच्या छोट्या छिद्रातून, आत शिरून अश्रुग्रंथीच्या धमनीला मिळतो. ही धमनी ऑफ्थॅल्मिकची फांदी, आणि रेटिनाची मध्यवर्ती धमनीसुद्धा तिचीच. रेटिनाच्या या धमनीला सहसा पर्यायी वाट नसते, म्हणून धमनी बंद करायला सोडलेला कण तिच्यात अडकला की नजर जाते. आणखी एक जोड पुढच्या बाजूला, एथमॉइडल धमन्यांमार्फत (याही ऑफ्थॅल्मिकच्याच फांद्या) फॉल्क्समध्ये, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधल्या आवरणाच्या पडद्यात, असते.

थोड्या लोकांत अख्खी ऑफ्थॅल्मिकच मिडल मेनिंजियलमधून निघते. उलटही घडतं, तेव्हा कवटीच्या तळाचं फोरामेन स्पायनोसम हे छिद्र सीटीत फार लहान दिसतं किंवा दिसतच नाही.

म्हणून काही बंद करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या कॅरोटिडमध्ये वेगवेगळा डाय सोडून बाजूने अँजिओग्राम काढतात. बघायचं असतं ते डोळ्याच्या गोलाच्या मागच्या बाजूला उमटणारं चंद्रकोरीसारखं फिकट सावट, म्हणजे कोरॉइडमध्ये (रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात) भरलेला डाय. हे सावट मिडल मेनिंजियलमधल्या डायने उमटलं, तर त्या जागेवरून कण किंवा चिकट द्रव सोडायचा नाही. मायक्रोकॅथेटरचं (धमनीत घातलेल्या बारीक नळीचं) टोक खोबणीची फांदी फुटते त्याच्या पुढे न्यायचं. ते जमत नसेल तर फक्त कॉईल (धमनी बुजवणारं बारीक तारेचं वेटोळं), किंवा बेतच रद्द. मात्र ऑफ्थॅल्मिकच तिथून निघत असेल तर तिच्या मुळाआधी कॉईलसुद्धा चालत नाही.

खरी फसवणूक पुढे आहे. सावट दिसलं नाही म्हणजे जोड नाही, असं होत नाही. टोक धमनीत घट्ट अडकवून जोराने ढकललं, किंवा पुढच्या फांद्या भरत आल्या, की दाब वाढतो आणि आधी न दिसलेली वाट उघडते. म्हणून हळू सोडणं, मधेमधे पुन्हा चित्र घेणं आणि द्रव मागे येऊ लागला की थांबणं, यावर बरंच अवलंबून असतं. कण १५० मायक्रॉनपेक्षा बारीक असतील तर ते अशा वाटांतून जास्त सहज सरकतात.

डॉक्टरांना सरळ विचारा: खोबणीची फांदी कुठे फुटते, टोक तिच्या पुढे जाईल का, आणि कण वापरणार, द्रव की कॉईल? चेहऱ्याच्या नसेबद्दलही विचारा. तिला रक्त देणारी पेट्रोझल फांदी छिद्रातून आत आल्याबरोबर फुटते, त्यामुळे टोक फार खाली असेल तर चेहरा वाकडा होऊ शकतो.

नंतर वॉर्डात वडिलांचा एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. एका डोळ्याने अंधुक दिसतंय किंवा दोन-दोन दिसतंय असं ते म्हणाले, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच डॉक्टरांना बोलवा.