विक्रमी सौर घट छपरापर्यंत का पोहोचत नाहीत?

प्रश्न : सौर घटाच्या कार्यक्षमतेचा नवा विक्रम झाल्याची बातमी दर दोन-चार महिन्यांनी वाचतो, पण यंदा छपरासाठी चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याकडे सिलिकॉनखेरीज काहीच नव्हते. अडते कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बातमीतला विक्रमी घट बहुधा अंगठ्याच्या नखाएवढा असतो. पेरोव्हस्काइट या, सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या नव्या स्फटिकी पदार्थाचेच घ्या. प्रयोगशाळेत काचेच्या तुकड्यावर द्रावणाचा थेंब टाकून तो तुकडा भोवऱ्यासारखा फिरवतात आणि एकसारखा पातळ थर बसतो. दोन चौरस मीटरची काच अशी फिरवता येत नाही, म्हणून थर देण्याची रीतच बदलावी लागते, आणि ती बदलली की कुठे बारीक छिद्र, कुठे जाडीत फरक राहून कार्यक्षमता घटते. शिवाय हा पदार्थ ओलाव्याने बिघडतो. ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत पॅनेल १,००० तास ठेवण्याची प्रमाणित चाचणी आहे. पण ते झाले जेमतेम ४२ दिवस, आणि ग्राहकाला हमी हवी २५ वर्षांची.

याहून मोठी अडचण, माझ्या मते, भावाची. २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉन खुल्या बाजारात किलोला ४०० डॉलरच्या पुढे गेले होते, तेव्हा कॅलिफोर्नियातील सोलिंड्रा कंपनीची सिलिकॉनविरहित, नळ्यांची पॅनेले साहजिकच फायद्याची वाटली आणि २००९ मध्ये अमेरिकी सरकारने ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. पण पुढच्या दोन वर्षांत सिलिकॉन कोसळले, चिनी पॅनेले स्वस्त झाली आणि २०११ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सची एव्हरग्रीन सोलरही बुडाली. वितळलेल्या सिलिकॉनमधून दोन तारांच्या आधाराने पातळ पट्टी वर ओढायची, म्हणजे सिलिकॉनच्या ठोकळ्याचे पातळ काप काढताना वाया जाणारा भुसा वाचतो, हे तिचे तंत्र खरोखर देखणे होते. पण मालच स्वस्त झाल्यावर वाचवलेल्या भुशाला किंमत ती काय! नव्या तंत्राला आजच्या भावाशी झुंजून भागत नाही, कारखाना पूर्ण क्षमतेने चालेल त्या दिवशीच्या भावाला पुरून उरावे लागते.

म्हणून हल्ली सिलिकॉनशी वैर न धरता त्याच्याच पाठीवर पेरोव्हस्काइटचा थर चढवतात. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने अशा पॅनेलांची पहिली व्यापारी खेप २०२४ मध्ये रवाना केली, तिची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. त्याच वर्षी चीनच्या लाँगी कंपनीने जाहीर केलेला प्रयोगशाळेतील विक्रम ३४.६ टक्क्यांचा होता. ऑक्सफर्ड पीव्हीची ती खेपही गेली अमेरिकेतील मोठ्या वीजप्रकल्पाकडे, घराच्या छपराकडे नव्हे. तेव्हा यंदा सिलिकॉनची पॅनेले खुशाल बसवून घ्यावीत.