खरेदी खात्यात बसून पर्यावरणाचं काम होतं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी तिला खरेदी खात्यात ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहे, आणि ती अडून बसली आहे की, ‘मला पर्यावरणासाठी काम करायचंय, कोटेशनं गोळा करायची नाहीत.’ तिची समजूत घाला, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी हेही विचारलंय की पर्यावरणाची आवड ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?

तुमचं भांडण चाललं असलं तरी एका बाबतीत तुम्हा दोघींचं एकमत आहे: खरेदी एकीकडे आणि पर्यावरण दुसरीकडे. मला ते मुळीच पटत नाही. कारखान्याचं धुराडं सगळ्यांना दिसतं, पण बाहेरून माल घेऊन वस्तू बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचं कार्बन उत्सर्जन स्वतःच्या आवारापेक्षा पुरवठादारांकडेच जास्त होतं. पोलाद तिकडे वितळतं, ॲल्युमिनियम तिकडे तयार होतं. हरितगृह वायूंच्या हिशेबात या भागाला ‘स्कोप ३’ म्हणतात. त्याचं जे मानक २०११ साली आलं, त्यात १५ प्रकार आहेत आणि पहिलाच प्रकार आहे ‘विकत घेतलेला माल आणि सेवा’. तुमच्या लेकीला जी खुर्ची देऊ केली आहे, तिच्यासमोरून नेमका हाच माल जातो.

तिला एक उदाहरण जरूर सांगा. खरेदीच्या मागणीला जोडलेलं स्पेसिफिकेशन, म्हणजे माल कसा हवा याचं वर्णन, अनेकदा जुन्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. पॅकिंगच्या प्लास्टिक फिल्मपुढे ‘फक्त व्हर्जिन माल’, म्हणजे रिसायकल न केलेला कोरा माल, असं लिहिलेलं असतं. ते कुणी आणि का लिहिलं, हे खात्यात कुणालाच सांगता येत नाही. फिल्म अन्नाला किंवा औषधाला लागणारी असेल तर त्या अटीला अर्थ आहे. लोखंडी भाग गुंडाळायचे असतील, तर रिसायकल केलेल्या मालाची फिल्म टिकते का, हे नमुना मागवून तपासता येतं. खोकंही तसंच. ‘फाइव्ह-प्लाय’, म्हणजे पाच थरांचा पुठ्ठा, लिहिलेलं असतं, आणि आतला भाग थ्री-प्लायमध्येही सुखरूप पोचला असता. ही एक ओळ बदलायची तर क्वालिटीवाल्यांना पटवावं लागतं, स्टोअर्सच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, पुरवठादाराकडून नवा नमुना करून घ्यावा लागतो. हे खरेदीतल्या माणसालाच जमतं, कारण पर्चेस ऑर्डर तो काढतो.

धातूंच्या बाबतीत तर फरक फार मोठा आहे. भंगार वितळवून ॲल्युमिनियम करायला, खनिजापासून करायला जी ऊर्जा लागते तिच्या जेमतेम ५ टक्के लागते. प्रत्येक भागाला तो माल चालेलच असं नाही, मिश्रधातूची प्रत पाहावी लागते. पण ‘चालेल का?’ हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे पर्यावरणाचं म्हणून कुणी पाहत नाही: ऑर्डर वेळेवर काढणं. इंडेंट, म्हणजे माल मागवण्याचा कागद, टेबलावर पडून राहिलं, लाइन बंद पडायची वेळ आली, की जहाजाने येणारा माल विमानाने मागवला जातो. तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या कित्येक पट असतं. साठा आणि लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) नीट सांभाळणारा खरेदीदार, तोंडातून ‘पर्यावरण’ हा शब्दही न काढता, हे टाळतो. मला अशा माणसांबद्दल मनापासून आदर आहे.

तिला बहुधा भीती असेल की हे सगळं नुसतं दाखवण्यापुरतं असेल. ती भीती अनाठायी नाही. म्हणूनच कागद वाचता येणारी माणसं हवी आहेत. पुरवठादार आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र पुढे करतो, तेव्हा ते कोणत्या कारखान्याचं आहे, हे आधी पाहायचं. शिवाय ते पर्यावरण व्यवस्थापनाच्या पद्धतीचं असतं. त्यावरून एखादी वस्तू ‘हरित’ ठरत नाही. कागद-पुठ्ठ्याच्या पुरवठादाराकडे एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या मालाला प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र असलं तरी त्याचा सगळाच माल प्रमाणित नसतो. तुमच्या लॉटच्या इन्व्हॉइसवर तसा दावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला आहे का, तो क्रमांक एफएससीच्या खुल्या यादीत चालू दिसतो का, हे बघायला काही मिनिटं लागतात.

आता पोटापाण्याचं. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा काही मालाच्या आयातीवर कार्बनचा हिशेब लावला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची माहिती देणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजण्याचा टप्पा लागू झाला. मोठे ग्राहक आपल्या पुरवठादारांकडे आकडे मागतात, ते त्यांच्या पुरवठादारांकडे. हे आकडे गोळा करून तपासणारा आणि त्यावरून माल निवडणारा माणूस आता कंपन्यांना लागतो. पण यासाठी वेगळं पद प्रत्येक ठिकाणी नसतं, आणि नवख्याला ते सहसा मिळत नाही. आधी दोन-तीन वर्षं साधी खरेदी शिकलेलीच बरी: वाटाघाटी, कॉस्टिंग, करार, पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर उभं राहून माल कसा बनतो ते पाहणं.

अडचणही सांगते. खरेदीदाराचं मूल्यमापन बहुतेक ठिकाणी भावात किती बचत केली यावर होतं, आणि चांगला माल कधीकधी महाग असतो. तिथे तिला एकूण खर्चाचं गणित मांडता आलं पाहिजे. विजेच्या मोटरचंच बघा: सतत चालणाऱ्या मोटरच्या किमतीपेक्षा आयुष्यभराचं वीजबिल कितीतरी मोठं असतं, म्हणून जास्त कार्यक्षम मोटर कोटेशनमध्ये महाग दिसली तरी शेवटी स्वस्त पडते. तरीही काही वेळा ती हरेल. दुसरं, लहान पुरवठादारांवर लांबलचक प्रश्नावल्या लादायच्या आणि त्यांचं बिल महिनोन्महिने थकवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याला सुधारणा करायला सांगायचं असेल, तर आधी त्याचे पैसे वेळेवर द्या आणि वर्षभराच्या ऑर्डरची खात्री द्या.

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचा विचार तिच्या मनात असेल, तर तो सोडावा, असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत किंवा वस्तूच्या जीवनचक्राच्या (कच्च्या मालापासून ती टाकून देईपर्यंतच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या) सखोल मोजमापात रमणार असेल, तर विज्ञानाचा पाया लागतो, आणि बी.कॉम.नंतर ती वाट लांब पडेल. खरेदीत राहून करायचं असेल, तर नोकरी सांभाळून दोन गोष्टी वाचाव्यात: शाश्वत खरेदीचं मार्गदर्शन करणारं आयएसओ २०४०० हे २०१७ सालचं मानक, आणि जीवनचक्र मूल्यांकनाची मूलतत्त्वं. एक्सेलवर हात बसलेला हवाच.

तिला बळेबळे रुजू करू नका. होकार देण्याआधी तिने कंपनीला विचारावं: स्पेसिफिकेशन बदलण्यात खरेदी खात्याचं मत घेतलं जातं का? पुरवठादारांच्या भेटीला ट्रेनीला नेतात का? भावाशिवाय आणखी कशाला गुण देता? उत्तरं काय मिळाली ते तिने स्वतः मला लिहावं. ती वाचून ही नोकरी घ्यावी की दुसरी बघावी, हे मी तिला नक्की सांगू शकेन.