घरात एमसीबी असूनही शॉक बसला. एमसीबी खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की पावसात कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला, आईला शॉक बसला, तरी एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच) पडला नाही. एमसीबी बहुधा ठणठणीत आहे. तो बसवलेला असतो वायर जळू नये म्हणून. माणसाला वाचवणं त्याला जमतच नाही.

दहावीचं ओहमचं सूत्र घ्या. घरात 230 व्होल्ट येतात. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला तर अंगातून 0.23 अँपिअर जातील. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब याहून जास्त, 0.26 अँपिअर खातो. बल्ब लावल्यावर एमसीबी पडत नाही, मग माणूस चिकटल्यावर कसा पडेल? 16 अँपिअरचा एमसीबी 23 अँपिअरलाही तासभर तग धरू शकतो. सी प्रकारचा असेल तर झटकन पडायला त्याला निदान 80 अँपिअर लागतात. हृदयाची लय बिघडायला मात्र 0.1 अँपिअरही पुरेसा होतो.

‘पण अर्थिंग आहे ना’ असं घरोघरी ऐकू येतं. अर्थिंगचा रोध 10 ओहम असेल आणि गिझरच्या बॉडीला फेज (करंट आणणारी वायर) चिकटला, तर वाहतील 23 अँपिअर. म्हणजे पुन्हा तेच: एमसीबी रेंगाळणार आणि तोवर बॉडी जिवंत राहणार. तुमच्या तारेला तर अर्थिंगच नाही.

इथे आरसीसीबी लागतो (बरेच वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात). त्यात फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) एकाच कड्यातून जातात. गेलेला करंट तेवढाच परत आला तर दोघांचा चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतो. थोडा जरी माणसातून जमिनीत गेला तरी हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतो आणि खटका पडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचाच घ्या. 100 किंवा 300 चा माणसासाठी नसतो. 0.23 अँपिअरला तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडायला हवा. शॉक जाणवेल, पण माणूस चिकटून राहणार नाही. एमसीबी काढू नका, कारण ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही. आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर त्याच्या लेखी तुम्ही बल्बच.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करून देणारे वायरमन भेटतील. त्यांना आधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठे जोडलाय ते बघायला सांगा. माझ्या कामात निम्मा घोळ तिथेच सापडतो. उरलेला बहुतेक गिझरच्या कॉइलमध्ये. टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. त्याने खटका चालतो एवढंच कळतं, अर्थिंगची परीक्षा होत नाही.

तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. तार पत्र्याला बांधलीय असं तुम्ही म्हणता. खांबावरून मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर पत्र्यावर घासून सोलली असेल, तर तो फॉल्ट मीटरच्या आधीचा, खांबाच्या बाजूचा. मग घरातला मेन स्विच बंद करूनही पत्रा जिवंतच राहील आणि आरसीसीबीचाही उपयोग नाही. तेव्हा तार सोडवायला स्वतः जाऊ नका, पत्र्याजवळही कुणाला जाऊ देऊ नका. आजच वीज कंपनीला कळवून खांबावरून सप्लाय बंद करून घ्या. सगळं तपासून झाल्यावर कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा.