वाचकांचे प्रश्न : वळचणीखालची मिरची

प्रश्न (गडहिंग्लज) : फ्रान्समधल्या एका खेड्यात घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या छायाचित्रात पाहिल्या. ती सजावट असते की खरंच वाळवण? आपण तर मिरची खळ्यावर पसरतो.

उत्तर : ते गाव एस्पलेत. बास्क भाषेत एस्पेलेता. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीजच्या पायथ्याशी, लापुर्दी भागात ते आहे आणि वस्ती जेमतेम दोन हजारांच्या घरात. माळा मुळात वाळवणाच्याच. टांगण्याचं कारण पाऊस. आपल्याकडची लाल मिरची तोडणीला येते तेव्हा आभाळ मोकळं असतं, खळं तापलेलं असतं, त्यामुळे पसरली की काम झालं. तिथे तोडणी ऑगस्टमध्ये सुरू होते आणि थंडीने पहिलं दव गोठेपर्यंत चालते. त्या दिवसांत अटलांटिकवरून सरीवर सरी येत असतात. जमिनीवर पसरलेल्या मिरचीला खालून ओल आणि वरून पाऊस. मग उरते ती घराची भिंत. तिथल्या जुन्या घरांचं छप्पर दर्शनी बाजूला चांगलं पुढे आलेलं असतं आणि पावसाचे वारे पश्चिमेकडून येतात म्हणून दर्शनी भिंत बहुधा पूर्वेकडे असते. त्या वळचणीखाली ऊन लागतं, वारा लागतो, पाऊस लागत नाही. घर बांधतानाच वाळवणाची जागा आपसूक तयार झालेली असते.

तिथलं वाण एकच, गोर्रिया. बास्कमध्ये ‘गोर्री’ म्हणजे लाल. फळ शंकूसारखं, साधारण 7 ते 14 सेंटिमीटर लांब. पूर्ण लाल झालेलीच फळं घेतात, सुई देठातून घालतात आणि 20 पासून 100 पर्यंत ठरलेल्या आकड्यांच्या माळा करतात. सुई फळात कधीच शिरू द्यायची नाही, हा सगळ्या कामाचा जीव आहे.

आज मात्र भिंतीवरच्या बऱ्याच माळा गावाची ओळख म्हणून असतात. धंदा मुख्यतः पुडीचा. त्यासाठी ताजी मिरची उबदार, हवेशीर जागी जाळ्यांवर किमान 15 दिवस मुरवतात, मग भट्टीत वाळवतात, देठ काढतात आणि दळतात. मुरवण्याचे हे दिवस वाचवले तर रंग येतो पण वास येत नाही. पिकलेल्या फळाचा आणि वाळल्या गवताचा जो गोडसर वास त्या पुडीला असतो, तो या 15 दिवसांतच बसतो.

प्रश्न (कोल्हापूर, राजारामपुरी) : फ्लॅटला अंगण नाही. गॅलरीत अशा माळा करून वर्षाच्या चटणीपुरती मिरची वाळवता येईल का?

उत्तर : येईल, पण अंदाज नीट धरा. ताज्या लाल मिरचीत सुमारे 80 टक्के पाणी असतं, त्यामुळे 5 किलो ओली मिरची वाळून किलोभर किंवा थोडी जास्त भरते. घरची चटणी चार-पाच किलोंची असेल तर वीस-बावीस किलो ओली मिरची गॅलरीत टांगावी लागेल आणि ते जमणार नाही. किलो-दीड किलो वाळकी घरची करा, बाकीची बाजारातून घ्या. असं करण्यात काही कमीपणा नाही.

फेब्रुवारी-मार्च उत्तम. मिरची धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. देठ तुटलेली, टोकाला मऊ पडलेली, टोपी सुटलेली फळं बाजूला काढून ओल्या ठेच्याला वापरा. गोर्रियाचं देठ जाड असतं म्हणून ते ओवता येतं. आपल्या संकेश्वरी मिरचीचं देठ बारीक, सुईने चिरतं. त्यामुळे ओवायच्या भानगडीत पडू नका. सुती दोऱ्याने तीन-चार देठांची जुडी बांधा, चार बोटं सोडून पुढची जुडी, असं करत 40 ते 50 मिरच्यांची एक माळ करा. नायलॉनचा दोरा घसरतो. देठ वाळून आकसलं की मिरची गळून पडते. सुती दोरा देठाला धरून राहतो, तरी आठवड्याने एकदा गाठी आवळाव्याच लागतात.

पहिले तीन-चार दिवस ऊन दाखवा, नंतर वारा येईल अशा सावलीत न्या. सतत कडक उन्हात राहिली की रंग विटतो आणि मिरची पांढुरकी पडते. पंधरा दिवस तरी धरा. हलवल्यावर बिया आत खुळखुळल्या आणि मोडताना कडकन आवाज आला की झालं. वाकते पण मोडत नाही, अशी मिरची डब्यात भरू नका.

बिघडते ती बहुतेक वेळा आतून. बाहेरून लाल, तकतकीत दिसते आणि फोडली की बियांभोवती करडी बुरशी. फळाला भोक पडलं, माळ दाट बांधली किंवा रात्रीच्या दवात बाहेर राहिली, तर हे होतं. अशी मिरची बुरशी झटकून वापरणं धोक्याचं आहे. त्या बुरशीचं विष भाजल्यावरही सगळं जात नाही. म्हणून कांडपाला नेण्याआधी दर माळेतल्या दोन-तीन मिरच्या फोडून पाहा.

प्रश्न (कागल) : त्या मिरचीच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे म्हणतात. आपल्या मालाला असं करता येईल?

उत्तर : एस्पलेतच्या मिरचीला फ्रान्सचं नामसंरक्षण 2000 मध्ये मिळालं आणि युरोपीय संघाचं 2002 मध्ये. एस्पलेत धरून दहा गावांच्या हद्दीत, उघड्या शेतात, फक्त गोर्रिया वाण लावलं तरच ते नाव. विक्रीचे प्रकारही ठरलेले आहेत : ताजी मिरची, माळ आणि पूड. पुडीचा माल घाण्यागणिक, म्हणजे एका खेपेला तयार झालेला माल वेगळा धरून, तपासला जातो. रंग, वास आणि चव पाहणारी मंडळी बसतात आणि जो घाणा उतरत नाही त्याला गावाचं नाव लावता येत नाही, मग तो शेतकरी कितीही जुन्या घरातला असो.

आपल्याकडे कोल्हापुरी गूळ, कोल्हापुरी चप्पल, आजरा घनसाळ तांदूळ यांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे नाव मिळवणं आपल्याला जमलं आहे. अडतं ते पुढे. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, ही तक्रार आपण दरवर्षी ऐकतो, आणि प्रमाणपत्र भिंतीला लावून ती मिटणार नाही. घाण्यागणिक चव घेणारी, नापास म्हणण्याची ताकद असलेली आणि शेतकऱ्यांनीच चालवलेली व्यवस्था लागते. जवारी, म्हणजे आपल्या गावठी, मिरचीसाठी काही करायचं मनात असेल तर सुरुवात तिथून करा, अर्जापासून नको.

प्रश्न (मुरगूड) : गोर्रियाचं बी मिळालं तर इथे लावू का?

उत्तर : हौसेपुरतं लावा. एस्पलेतचं नाव तिला देता येणार नाही आणि आपल्या माणसाला ती फिकी वाटेल. तिचा तिखटपणा स्कोव्हिल मापात जास्तीत जास्त 4000. तिथे ती मुळात काळ्या मिरीच्या जागी आली. बारीक चिरलेल्या मांसाचा ‘अशोआ’ तिच्यावर होतो, जवळच्या बायोन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डुकराच्या खारवलेल्या मांडीला ती चोळतात. कांदा-लसूण चटणीत ती हरवून जाईल.

मात्र ती शेजारच्या जवारीशी सहज संकरते, हे लक्षात ठेवा. मिरचीचं प्रमाणित बी करताना दोन वाणांत 200 मीटर अंतर ठेवतात. एवढी जागा नसेल तर जवारीची दहा-पंधरा चांगली झाडं निवडा, कळ्या उमलण्याआधी फांदीला पातळ मलमलीची पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढून त्या फळाला रंगीत दोरा बांधा. बी फक्त दोऱ्याच्या फळांचं ठेवा. हे करायला गोर्रियाची वाट पाहू नका. आपलं संकेश्वरीचं बी दरवर्षी थोडं थोडं भेसळत चाललं आहे.

प्रश्न (पन्हाळा) : एस्पलेतकडची इतकी जुनी घरं वाटण्यांत तुटली कशी नाहीत?

उत्तर : लापुर्दीच्या जुन्या रिवाजात घर आणि जमीन तुटत नसे, मुलगा असो की मुलगी, थोरल्या अपत्याकडे सगळं जाई. धाकटी भावंडं दर्यावर, अमेरिकेत, चर्चमध्ये जात. त्यांच्यावर हा अन्याय होता, हे नाकारता येत नाही. 1804 च्या फ्रेंच नागरी कायद्याने समान वाटण्या आल्या, तरी अनेक कुटुंबांनी आपसांत समजूत करून घर एकाकडे ठेवलं. एस्पलेतजवळच्या ऐनोआ गावात गोर्रितिया नावाच्या घराच्या दारावर 1662 चा दगडी लेख आहे : परदेशी गेलेल्या मुलाने पाठवलेल्या पैशांतून त्याच्या आईने, मारी द गोर्रितीने, हे घर सोडवून घेतलं, ते विकता येणार नाही की गहाण ठेवता येणार नाही. घराला माणसाचं नाव नाही. आईचं आडनावच घरावरून आलेलं आहे.