व्हॅटसिमवर सध्या नवे काय आहे आणि कंट्रोलर होऊ इच्छिणाऱ्याने कोणत्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवावे?

आपण विचारले आहे की, घरच्या संगणकावर एकट्याने विमान उडवून आता पुरे झाले, व्हॅटसिमवर, म्हणजे जगभरचे सिम्युलेटरवाले वैमानिक आणि कंट्रोलर इंटरनेटवरून जिथे एकत्र येतात त्या जाळ्यावर, यायचे आहे, पुढे तिथे हवाई वाहतूक नियंत्रणही शिकायचे आहे. तेव्हा या मंडळींत सध्या नवे काय चालू आहे, येत्या महिन्यांत काय होणार आहे आणि नवख्याने कशापासून सुरुवात करावी. मी भारतीय विभागात बरीच वर्षे कंट्रोलर म्हणून बसतो, प्रामुख्याने मुंबईच्या ॲप्रोचवर (विमानतळाच्या आसपास येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या रडार नियंत्रणावर), त्यामुळे उत्तरात मुंबईचा भरणा जास्त आहे. माझे मत आधीच सांगतो: मोठ्या कार्यक्रमांचा आनंद सुरुवातीला वैमानिक म्हणून घ्यावा आणि कंट्रोलर होण्याची तयारी मात्र सेक्टर फाइल (कंट्रोलरच्या पडद्यावर नकाशा दाखवणारी फाइल), कार्यपद्धती आणि प्रशिक्षणाच्या सूचना वाचून व एरवीच्या संध्याकाळी ऐकत बसून करावी. कार्यक्रमांची आकर्षक भित्तिपत्रके सगळेच पाहतात. काम शिकवणाऱ्या बातम्या त्या साध्या सूचनांमध्ये असतात आणि त्या फार थोडे लोक वाचतात.

व्हॅटसिमची स्थापना २००१ मधली, म्हणजे या जाळ्याला यंदा पंचवीस वर्षे होत आहेत. सदस्यत्व विनामूल्य आहे आणि सारे काम स्वयंसेवक करतात, त्यामुळे इथले वेळापत्रक लोकांच्या सवडीवर चालते. तरीही वर्षाची काही ठाणी ठरलेली आहेत. अटलांटिक महासागर ओलांडण्याचा ‘क्रॉस द पाँड’ हा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. त्यात शेकडो विमाने एकाच दिवशी सागरावर असतात, त्यासाठी स्लॉट, म्हणजे उड्डाणाची राखीव वेळ, आधी मागावा लागतो, आणि शॅनविक व गँडर या दोन सागरी केंद्रांचे कंट्रोलर रडारचा आधार नसताना केवळ वेळ, उंची आणि वेग यांच्या हिशोबावर विमानांतले अंतर राखतात. नोव्हेंबरच्या सुमारास ‘वर्ल्डफ्लाइट’ असतो. त्यात खऱ्या आकाराची कॉकपिट उभारलेले गट आठवडाभरात पृथ्वीप्रदक्षिणा करतात आणि धर्मादाय कामासाठी निधी जमवतात. त्यांच्या मार्गावरच्या कोणत्याही टप्प्यावर सामान्य सदस्यालाही सोबत उडता येते. अमेरिकी विभाग शुक्रवारी रात्री आपल्या एखाद्या भागातले विमानतळ पूर्ण मनुष्यबळासह चालवतो. भारताचे कार्यक्रम आकाराने लहान असतात, बहुतेक वेळा शनिवार-रविवारच्या संध्याकाळी दोन किंवा तीन शहरांच्या दरम्यान, आणि नवख्याला मी तेच सुचवीन.

घोषणा वाचताना वेळेकडे नीट लक्ष द्यावे, कारण सर्व वेळा झुलू म्हणजे यूटीसीमध्ये दिलेल्या असतात आणि भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. शनिवारी २०३० झुलू म्हणजे आपल्याकडे रविवारचे पहाटेचे दोन. अमेरिकेतला शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम आपल्या शनिवारी भल्या पहाटे सुरू होतो. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे जातात, भारतात तसे होत नाही. त्यामुळे तिथल्या स्थानिक वेळेला बांधलेला साप्ताहिक कार्यक्रम मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास आपल्यासाठी एका तासाने सरकतो.

आता भारतातल्या, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोठ्या बदलाकडे येतो. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाला. योगायोग असो वा योजना, तो एअरॅक चक्र बदलण्याचाही दिवस होता. जगभरातील हवाई मार्ग, बिंदू आणि कार्यपद्धती यांची माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत होते, त्या चक्राला एअरॅक म्हणतात, आणि व्हॅटसिमवरचे सेक्टर फाइल तयार करणारे स्वयंसेवकही त्याच तालावर काम करतात. नवा विमानतळ आला म्हणजे पडद्यावर एक ठिपका वाढला, एवढ्यावर ते भागत नाही. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यात हवाई अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे आणि नव्या विमानतळाची ०८/२६ ही धावपट्टी मुंबईच्या ०९/२७ या मुख्य धावपट्टीला जवळजवळ समांतर आहे. मुंबईच्या २७ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरणारे विमान धावपट्टीपासून दहा-अकरा सागरी मैलांवर, सुमारे साडेतीन हजार फुटांवर असते, तेव्हा नवी मुंबई विमानतळ त्याच्या डाव्या हाताला येतो. गोवा किंवा बंगळुरूकडून येणारे विमान दक्षिणेकडून उत्तरेला नेऊन, मग डावीकडे वळवून २७ च्या रेषेत आणायचे म्हटले, तर तो वळणाआधीचा टप्पा थेट नव्या विमानतळाच्या डोक्यावरून जातो. तिथून त्याच वेळी एखादे विमान उड्डाण करत असेल, तर दोघांमध्ये किमान एक हजार फुटांचे उभे अंतर किंवा रडारवरचे ठरलेले आडवे अंतर कोण राखणार, कोणी कोणाला आधी सांगायचे आणि कोणत्या उंचीपर्यंत न विचारता चढू द्यायचे, हे सारे आधी लिहून ठरवावे लागते. ॲप्रोचवर बसणाऱ्याच्या दृष्टीने अलीकडच्या काळात याहून महत्त्वाची बातमी नाही. म्हणून माझी आग्रहाची सूचना आहे की, भारतीय विभागाकडून मुंबई क्षेत्राच्या कार्यपद्धतीचा किंवा सेक्टर फाइलचा कोणताही बदल जाहीर झाला, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि शेजारी नकाशा उघडून ठेवावा. वैमानिक म्हणून उडणार असाल, तर आपल्या सिम्युलेटरमध्ये व्हीएएनएम (नवी मुंबईचा संकेत) हा विमानतळ आहे का, हे आधी तपासावे. मूळ नकाशात तो नसेल तर वेगळी सीनरी बसवावी लागते, नाहीतर कंट्रोलरला धावपट्टीवर दिसणारे आपले विमान आपल्या पडद्यावर माळरानात उभे असते. गोव्याच्या बाबतीत २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यावर हेच अनुभवास आले होते. तिथे दाबोळी नौदलाचा आणि मोपा नागरी, त्यामुळे आजही कार्यक्रमाच्या घोषणेत केवळ ‘गोवा’ एवढेच लिहिले असेल, तर कोणता विमानतळ, हे आधी विचारून घ्यावे.

कंट्रोलर होण्याचा मार्ग ठरलेला आहे. नव्या सदस्याला आधी प्राथमिक ओळख-अभ्यासक्रम आणि त्याची चाचणी पूर्ण करावी लागते. त्यानंतर निरीक्षक म्हणून रडारचे सॉफ्टवेअर जोडून नुसते पाहता आणि ऐकता येते. पुढे एस१ या श्रेणीत डिलिव्हरी (उड्डाणाआधी मार्गाची परवानगी देणे) व ग्राउंड (जमिनीवरची हालचाल), एस२ मध्ये टॉवर (धावपट्टी), एस३ मध्ये ॲप्रोच आणि सी१ मध्ये संपूर्ण एरिया कंट्रोल (विमानतळांपासून दूरचे, मार्गावरचे आकाश), असे टप्पे आहेत. भारत हा पश्चिम आशिया या मोठ्या विभागात मोडतो आणि मार्गदर्शकांची संख्या मर्यादित असल्यामुळे प्रतीक्षायादी असते. या यादीत नाव घालण्याच्या सूचना केव्हा येतात, यावर लक्ष ठेवावे, आणि प्रतीक्षेच्या काळात निरीक्षक म्हणून नियमित बसावे. या काळाचा जो उपयोग करतो, त्याचे प्रशिक्षण पुढे झपाट्याने होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

डिलिव्हरी हे काम दुय्यम वाटते, पण सारी शिस्त तिथेच लागते. समजा, एका वैमानिकाने मुंबई ते दिल्ली या उड्डाणासाठी फ्लाइट लेव्हल ३६० (सुमारे ३६ हजार फुटांची पातळी) मागितली आहे. दिल्लीची दिशा उत्तर-ईशान्य आहे, पूर्वेच्या अर्धवर्तुळात विषम हजारांच्या पातळ्या द्यायच्या असतात, म्हणजे त्याला ३५० किंवा ३७० हवी. दुबईला जाणाऱ्याला मात्र ३६० योग्य ठरते. मार्गातला पहिला बिंदू वापरात असलेल्या धावपट्टीच्या निर्गमन मार्गाशी जुळतो का, हे पाहायचे. मग गंतव्य, निर्गमन मार्ग, सुरुवातीची उंची आणि स्क्वॉक (रडारवर विमान ओळखण्याचा चार आकडी संकेत) या क्रमाने क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, द्यायचा आणि वैमानिकाने ते सारे परत म्हणून दाखवले की नाही, हे शब्दशः ऐकायचे. स्क्वॉकमधला एक आकडा चुकीचा परत आला आणि तो निसटला, तर दहा मिनिटांनी ॲप्रोचवर बसलेल्याच्या पडद्यावर ओळख न पटलेले विमान उगवते. शांत संध्याकाळी हे ध्यानात येते आणि सुधारताही येते. कार्यक्रमाच्या गर्दीत बारा विमाने एकाच वेळी क्लिअरन्स मागत असतात, तेव्हा शिकण्याला वाव राहत नाही.

ॲप्रोचची एक गोष्ट जवळून सांगतो, म्हणजे कार्यक्रमात वैमानिकाकडून काय अपेक्षित असते तेही कळेल. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते आणि उतरणारे व उडणारे एकाच पट्टीवर येतात. पुढे बोइंग ७७७, मागे एअरबस ए३२०, अशी जोडी असेल, तर मागच्याला पुढच्याच्या हवेतील भोवऱ्यांपासून दूर ठेवण्यासाठी किमान पाच सागरी मैल अंतर हवे. त्याच वेळी टॉवरने मागितले असेल की दोन विमाने उतरण्याच्या मध्ये एक उड्डाण करू द्या, तर अंतर आणखी वाढवावे लागते. हे सारे वेगाच्या सूचनांवर जमवायचे असते. एका वैमानिकाने १६० नॉटची सूचना ऐकून दोनदा ‘से अगेन’ म्हटले, की तेवढ्या वेळात त्याचे विमान पुढच्याच्या आणखी जवळ गेलेले असते आणि मागच्या तिघांचे वेग पुन्हा बांधावे लागतात. त्यात वैमानिकाचा काही गुन्हा नाही आणि न समजल्यास विचारलेच पाहिजे. पण उतरण्याचा तक्ता आधी उघडून ठेवलेला आणि वेग कमी करण्याचा सराव झालेला वैमानिक कार्यक्रमात आला, तर सगळ्यांचीच संध्याकाळ सुरळीत जाते.

इंग्रजी बोलण्याचा संकोच अनेक मराठी मुलांना वाटतो, म्हणून मुद्दाम लिहितो. रेडिओवरची भाषा ठरीव आहे, तिला अस्खलित इंग्रजी लागत नाही, आणि वैमानिकाला लेखी संदेशांवरही उडता येते. फ्लाइट प्लॅनमध्ये तशी नोंद केली, की कंट्रोलर लिहून सूचना देतो. कंट्रोलर होण्यासाठी मात्र आवाजावर काम करावे लागते, तेव्हा तो सराव लवकर सुरू केलेला बरा. अपहरणाचे नाटक किंवा ७५०० हा स्क्वॉक इथे सक्त मना आहे, आणि कंट्रोलर नसलेल्या ठिकाणी १२२.८०० या युनिकॉमवर (सर्वांच्या सामाईक रेडिओ वारंवारतेवर) आपला हेतू सांगायचा असतो, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्यावेत.

खऱ्या नोकरीचा विचार मनात असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण स्वतः परीक्षा घेऊन निवड करते, आणि त्याची एक प्रशिक्षण संस्था आपल्याच गोंदियात आहे. व्हॅटसिमचा अनुभव तिथे पात्रता म्हणून धरला जात नाही, पण शब्दावली आणि आकाशाची रचना आधीच ओळखीची झालेली असते.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आज सदस्यत्व आणि प्राथमिक चाचणी, मग येत्या शनिवारी भारतीय विभागाच्या नियोजित वेळांमध्ये मुंबई किंवा दिल्लीचा टॉवर कधी चालू आहे, ते पाहून एक तास निरीक्षक म्हणून ऐकणे, आणि त्यानंतर मुंबई ते गोवा असे एक छोटे उड्डाण, कोणताही कार्यक्रम नसलेल्या संध्याकाळी. ते जमले की पुढच्या भारतीय कार्यक्रमात स्लॉट मागावा. प्रतीक्षायादीसाठी काय कागद लागतात किंवा कोणते सॉफ्टवेअर बसवावे, याबाबत अडचण आली, तर इथेच खाली विचारा, मी सविस्तर लिहीन.