सील गळतंय, एफडी कशाला मोडता?

लातूरहून एका शिक्षकांचं पत्र आलंय. वडिलांनी 1982 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी अजून चालती ठेवली आहे. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमधून (चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) ऑइल गळतं, सकाळी फरशीवर डाग दिसतो. ओळखीच्या मिस्त्रीने ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलायचे 1,800 रुपये सांगितले. संभाजीनगरच्या एका गॅरेजने डिफरन्शियल पूर्ण उघडून बेअरिंग, क्राउन-पिनियन (आतली दातेरी चाकं) सगळं बदलायचे 42,000 सांगितले. वर्षभरासाठी ठेवलेली 2 लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची. सात महिने झालेत आणि पैसे फेब्रुवारीत मुलीच्या फीला लागणार आहेत. गाडी दसऱ्याला तुळजापूरला न्यायची आहे. एफडी मोडू का, असं ते विचारतात.

सर, नका मोडू. 42,000 पैकी एक रुपयाही आज ठरवू नका, कारण ऑइल नेमकं कुठून येतंय हे दोघांपैकी कुणी पाहिल्याचं तुमच्या पत्रात नाही.

गाडी पुसून घ्या, थोडी चालवा आणि खाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने, ड्रमपाशी ओल असेल तर एक्सलचं सील गेलंय. ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं. तसं असेल तर आर्थिक सल्ला वगैरे काही नाही, गाडी जागची हलवू नका. ओल पुढे, प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे आणणारा लांब दांडा) जिथे जोडला जातो तिथे असेल तर पिनियनचं सील.

सील बदलण्याआधी डिफरन्शियलचा ब्रीदर बघायला सांगा. गाडी चालताना ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि ती बाहेर पडायला वर छोटं भोक असतं. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल एकदा त्यात बसून वाळला की दाब सीलवर येतो, आणि चांगलं सीलही गळायला लागतं. हे साफ करायला जवळपास काही लागत नाही. ते न करता नवीन सील बसवलं तर महिन्याभरात पुन्हा फरशी पुसत बसाल.

मग पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने बसतो ती चकती, हाताने वर-खाली हलवून बघायचा. प्ले (ढिलेपणा) नसेल आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून घूं-घूं आवाज येत नसेल, तर माझ्या मते 42,000 चं काम आज तुमच्या गाडीला नकोच आहे. प्ले असेल तर मात्र 1,800 वाया जातील, कारण डुगडुगत्या पिनियनवर सील टिकत नाही. मिस्त्रीला दोन गोष्टी बजावून सांगा: पिनियनचा नट उघडण्याआधी खूण करून तो त्याच जागी आणायचा, जास्त आवळला तर बेअरिंग जातं, आणि फ्लँजवर सीलने चर पाडलाय का ते बघायचं. शेवटी 90 नंबरचं ऑइल लेव्हलपर्यंत भरून घ्या. ‘थोडंच गळतंय’ म्हणून कमी ऑइलवर गाडी रेटली की क्राउन-पिनियन खातं, आणि मग ते 42,000 खरे होतात.

आता मोठं काम निघालंच असं धरू. एफडी मोडली तर बँक सात महिन्यांचा दर लावणार, तो 6 टक्के धरा, आणि त्यातून 1 टक्का दंड. सरळ व्याजाने 8,167 ऐवजी 5,833 मिळतील, म्हणजे 2,334 रुपये तिथेच गेले. त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल) घेतलात तर व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतं. 42,000 वर 8 टक्क्यांनी तीन महिन्यांचे 840 होतात. तुमचं चार एकर सोयाबीन आहे, त्याचे पैसे दिवाळीच्या आसपास येतील, तेव्हा फेडून टाका. फीचे पैसे जागेवर राहतात.

(ठेव बँकेत आहे म्हणून हे म्हणतोय. पतसंस्थेत असती तर ‘दंड भरा पण काढा’ असं लिहिलं असतं. 5 लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण पतसंस्थेला नसतं.)

तुमच्या हिशेबात एक खर्च नाही. पहिली 15 वर्षं 1997 ला संपली, त्यानंतर नोंदणी दर पाच वर्षांनी, म्हणजे पुढची 2027 मध्ये. 20 वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 झालंय. व्हिंटेज नोंदणीचा विचार आत्ता नको. त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात आणि तशी गाडी रोज वापरता येत नाही. त्यापेक्षा महिन्याला 1,500 ची वेगळी आरडी ‘पद्मिनी’ म्हणून सुरू करा. घरातल्यांनाही दिसू द्या गाडी वर्षाला किती खाते ते. विकून पैसे होतील ही आशा त्यात धरू नका, वडिलांची गाडी आहे एवढं कारण पुरेसं आहे.

सील बदलल्यावर औशापर्यंत दोन-चार फेऱ्या मारा आणि रात्री खाली पुठ्ठा टाका. कोरडा राहिला तर दसऱ्याला खुशाल निघा. ओला दिसला तर यंदा एसटीने जा, गॅरेजकडून सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि तो कागद मला पाठवा.